मुकादम वर आला होता

"तू केवढासा, आणि तुझी घाण केवढी! दर रविवारी चार बादल्या. मी काय तुझा पाणक्या आहे?"

बोलत होते आमचे हे, आणि बोलत होते माशाशी. मी शिलाई मशीनच्या खाली, गुडघ्यांवर, घरंगळलेली बॉबिन शोधत होते. त्यांच्या चपला माझ्या नाकापासून वीतभर अंतरावर, पण मी तिथे आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. नवरा आपल्याबद्दल कुरकुरत असेल तर टेबलाखालून बाहेर यायला क्षणही लागत नाही. दुसऱ्या कुणाबद्दल कुरकुरत असेल तर मात्र शेवटपर्यंत ऐकावंसं वाटतं. मी ऐकलं.

"कंबर धरलीय," हे पुढे म्हणाले. "तुला काय त्याचं? तुला कंबरच नाही."

ह्यांची बत्तीस वर्षं पाणीपुरवठा खात्यात गेली. पाण्याची टंचाई, पाण्याची गळती, पाण्याबद्दलच्या तक्रारी, सगळं ह्यांच्या टेबलावरून गेलं, पण ते कोरडं, कागदावर. प्रत्यक्ष पाण्यात हात घालायची पाळी निवृत्तीनंतर आली, आणि ती आणली एका निळ्या फायटर माशाने. मासा मुलीचा. नोकरीसाठी परदेशी जाताना तिने तो आमच्या स्वाधीन केला. दोन फुटांची टाकी, त्यात हा एकटाच, कारण फायटरला दुसरा कुणी खपत नाही. दिवसभर या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात, जणू कामावरचे मजूर मोजत फिरतोय. म्हणून तिने नाव ठेवलं होतं मुकादम.

टाकीचं पाणी बदलणं हे दोन माणसांचं काम. नळीचं एक टोक टाकीत सोडायचं, दुसऱ्या टोकाला तोंड लावून ह्यांनी ओढायचं, पाणी आलं की पटकन नळी बादलीत सोडायची. मी टाकीकडचं टोक धरून "आलं, आलं, सोडा!" असं ओरडायचं. चार रविवारांतून एकदा ते 'पटकन' चुकायचं. मग हे न्हाणीघरात चूळ भरत माझ्या ओरडण्याच्या वेळेबद्दल बोलायचे, मी त्यांच्या कानांबद्दल बोलायचे, आणि दोघांनी मिळून फरशी पुसेपर्यंत अकरा वाजायचे. साडेअकराला मुलीचा फोन. असा आमचा रविवार.

पण कंबर ती कंबर. मी बॉबिन घेऊन मागच्या बाजूने बाहेर आले, आणि त्याच दुपारी मोबाईलवर शोधायला बसले. माझं शिक्षण बेताचं. शिवणकाम शिकले तेही जुने कपडे उसवून. पण उसवून शिकणाऱ्याला एक सवय लागते: वस्तू कशी जोडलीय ते दिसल्याशिवाय चैन पडत नाही. तीन दुपारी खर्ची घालून मी उसवलं ते असं: माशाची घाण पाण्यात विरघळते, ती मुरलेली घाण वेलींना फार आवडते. मनीप्लांटची मुळं धुवून टाकीत सोडायची, पानं बाहेर ठेवायची. वेल घाण खाते, पाणी निवळ राहतं, बादल्या कमी. मला त्या कल्पनेत एक न्याय दिसला. घरात इतकी वर्षं एकाची घाण दुसऱ्याने काढली, आता ज्याला ती आवडते त्यानेच काढावी.

वेलीचे तुकडे दिले समोरच्या वहिनींनी. दिले म्हणजे, दान केले. "तुम्हाला म्हणून देते हं," असं चौदा वेळा म्हणून पाच तुकडे दिले, आणि त्या दिवसापासून "माझी वेल कशी आहे?" असं विचारत दार न वाजवता आत येऊ लागल्या. तुकड्यांबरोबर त्यांच्याकडच्या चार गोगलगायीही आल्या. त्यांचं वहिनींनी नावही काढलं नाही. नको असलेल्या गोष्टी दानात धरत नाहीत.

पहिला महिना वेलीने काही केलं नाही. वहिनी म्हणाल्या, वेलीशी बोला. मासे विकणारा दुकानदार म्हणाला, बाई, धीर धरा. हे म्हणाले, "आमच्या खात्यात असाच एक अभियंता होता. महिनाभर काही करायचा नाही, आणि मग एकदम रस्ताच खणायचा."

तसंच झालं.

दुसऱ्या महिन्यात वेल पडद्याच्या दांडीवर. तिसऱ्यात घड्याळावर, त्यामुळे नऊ ते बारा या वेळात आमच्या घरी किती वाजले ते कळेनासं झालं. पानं आधी बशीएवढी, मग ताटलीएवढी. एक कोंब माझ्या मशीनच्या चाकाशी इतक्या आपुलकीने येऊन बसला की एका गिऱ्हाईकाच्या पडद्याच्या दुमडीत मी तो पानासकट शिवला. बाईंनी पडदा परत आणला. मी म्हटलं, नक्षी आहे. त्या म्हणाल्या, नक्षी वाळलीय. वीस वर्षांच्या माझ्या शिलाईत हा पहिला परत आलेला कपडा. मी तो उसवला, पुन्हा शिवला, आणि दोन दिवस वेलीशी अबोला धरला. तिला त्याचं काही वाटलं नाही. वेल खिडकीतून बाहेर पडली आणि भिंतीवरून वरच्या मजल्याच्या गजांपर्यंत पोहोचली.

पाणी मात्र काय सांगू! आरसा. आठ रविवार झाले, बदलावं लागलं नाही. वरून थोडं घालायचं, बस. हे माझ्या डोक्याचं कौतुक करत नाहीत, पण त्यांनी नळी गुंडाळून माळ्यावर टाकली. ते कौतुकच.

आणि मग रविवार आला तो तसाच पडून राहिला. हे पेपर घेऊन गॅलरीत, मी मशीनवर. साडेअकरापर्यंत आम्ही एकमेकांशी काय बोललो ते आठवायचा मी एकदा प्रयत्न केला. "चहा?" "ठेव." इतकंच सापडलं. "आलं, आलं, सोडा" हे काही प्रेमाचं बोलणं नव्हे, पण मोठ्याने तरी होतं. मी ह्यांची कंबर वाचवायला गेले आणि आमच्या दोघांमधला उरलेला एकमेव धंदा बुडवून बसले. ही गोष्ट मी कुणाला सांगितली नाही. सांगणार काय, की नवऱ्याचं काम कमी झालं म्हणून मला वाईट वाटतंय?

आत, पाण्यात, मुळं वाढत होती. पांढरी, बारीक, म्हाताऱ्या माणसाच्या केसांसारखी. टाकीचा मागचा भाग भरला, मग मधला, मग पुढची काच. मुकादम त्यात घुसून बसायला लागला. फायटर हवा घ्यायला पाण्याच्या वर येतो, म्हणून सुरुवातीला दिवसातून पाच-सहा वेळा दिसायचा. मग दोनदा. मग एखादे दिवशी दिसायचा नाही, तेव्हा हे म्हणायचे, "मघाशी वर आला होता. तू मशीनवर होतीस." दुसऱ्या दिवशी मी म्हणायचे, "सकाळी वर आला होता. तुम्ही आंघोळीला होतात." दाणे टाकले की तासाभरात संपायचे. दाणे संपतात म्हणजे खाणारा आहे, असा आमचा हिशेब. गोगलगायी दिवसेंदिवस बाळसं धरत होत्या, पण त्यांच्याकडे कुणी पाहायचं नाही असं घरात न बोलता ठरलं होतं.

कारण रविवारचा फोन. मुलीचा फोन सात-आठ मिनिटांचा. त्यातली पाच मुकादमाची. "मुकादम कसा आहे? खातो का? रंग तसाच आहे ना? वेलीत अडकत नाही ना?" मग "तुम्ही दोघं बरे आहात ना," हे ती असं म्हणायची की त्याला 'हो'शिवाय उत्तर नव्हतं. आम्ही 'हो' म्हणायचो. आम्ही विचारायचो, "तू बरी आहेस ना?" ती 'हो' म्हणायची. तीन 'हो' झाले की फोन संपायचा. मुकादमच नसेल तर पाच मिनिटं कशाने भरायची? ती विचारणार काय? आणि विचारायला काही नसेल तर पुढच्या रविवारी फोन कशाला करणार? मशीन चालवताना माझ्या डोक्यात हेच टाके पडत असायचे. म्हणून मुकादम असायलाच हवा होता. म्हणून तो होता.

अशा वेळी सोसायटीची नोटीस आली.

सेक्रेटरी फार कामसू. इमारतीतल्या प्रत्येक खिळ्याची नोंद त्यांच्याकडे. विषय होता, 'इमारतीच्या बाह्य भिंतीवरील अनधिकृत वाढ'. ती पंधरा दिवसांत काढावी, अथवा वरच्या मजल्यावरील सदनिकाधारकाचं ना-हरकत पत्र जोडावं. आता वरचं घर दोन वर्षं बंद. त्या लोकांचा पत्ता सेक्रेटरींकडेही नाही.

"मग ना-हरकत कुणाची आणू?" मी विचारलं.

"सदनिकाधारकाची."

"ते नाहीत."

"नसले तरी हरकत असू शकते, वहिनी."

नोटीस वाचून ह्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी निवृत्तीनंतर पाहिलं नव्हतं. चष्मा पुसला, ताव काढला, 'उपरोक्त विषयास अनुसरून' असं लिहिलं आणि एकदा मोठ्याने वाचून दाखवलं. तीन दिवस उत्तर लिहीत होते. मधूनमधून मला हाक मारायचे, "अगं, 'सदरहू वेल' म्हणू की 'प्रस्तुत वेल'?" मी म्हणायचे, "सदरहू." त्या तीन दिवसांत आम्ही तीन महिन्यांचं बोलून घेतलं. नोटिशीबद्दल मी सेक्रेटरींची मनातून आभारी होते, पण वरून तोंड फुगवून हिंडत होते. मानाचा प्रश्न होता.

ह्यांनी नियमावलीतून एक कलम शोधून काढलं. पाळीव प्राण्याच्या निगेसाठी आवश्यक व्यवस्था असेल तर ती हटवता येत नाही. वेल ही सजावट नसून माशाची पाणी-शुद्धीकरण व्यवस्था आहे, आणि भिंतीवरचा भाग हा तिचाच विस्तार. सेक्रेटरींना मुद्दा आवडला. नियमाने नियम कापला की त्यांना बरं वाटतं. त्यांनी पाळीव प्राण्याच्या नोंदणीचा फॉर्म पाठवला.

प्राण्याचं नाव: मुकादम. जात: फायटर. रंग: निळा. चावतो का: माहीत नाही. लसीकरण: लागू नाही. भुंकण्याच्या वेळा: हे कोडं ह्यांनी बराच वेळ विचार करून 'निरंक' असं लिहून सोडवलं. शेवटचा रकाना होता, 'प्राण्याचे अलीकडील छायाचित्र, तीन महिन्यांच्या आतील.'

दोघांनीही तो रकाना वाचला. दोघांनीही चष्मा काढला.

"मी काढते फोटो," मी म्हटलं.

तीन दिवस मी मोबाईल घेऊन टाकीसमोर बसले. चाळीस फोटो निघाले. चाळीसमध्ये मुळं. एकात माझं नाक. शेवटी मुलीने जाण्यापूर्वी काढलेला फोटो लावला. सेक्रेटरींनी तो दुसऱ्याच दिवशी परत केला. मागे तारीख होती. सोबत चिठ्ठी: 'येत्या रविवारी सकाळी अकरा वाजता प्रत्यक्ष पाहणी. प्राणी उपस्थित असावा.'

शनिवारी दुपारी मी दोरा आणायला म्हणून बाहेर पडले आणि मासेवाल्याच्या दुकानात गेले.

त्या दुकानात बाराही महिने ओला उजेड असतो. भिंतभर टाक्या, हवेच्या बुडबुड्यांचा सतत फुसफुस आवाज, आणि एका फळीवर ओळीने काचेच्या बरण्या. प्रत्येक बरणीत एकेक फायटर, बरण्यांच्या मध्ये पुठ्ठ्याचे तुकडे, नाहीतर एकमेकांना बघून ते दिवसभर फुलून बसतात. मी एका निळ्या माशासमोर उभी राहिले. अगदी तसाच. शेपटीला किंचित जांभळी कड.

"तुमचा किती वर्षांचा होता?" दुकानदाराने विचारलं.

"आहे," मी म्हटलं. "साडेतीन वर्षांचा आहे."

तो जाळीने दुसऱ्या टाकीतला कचरा काढत राहिला. मग मागे न वळता म्हणाला, "फायटरचं तेवढंच असतं, बाई. म्हणजे, कमी-जास्त."

मी बरणी उचलली, उजेडात धरली. मासा माझ्याकडे आला, मला मोजलं, परत गेला. मी बरणी जागच्या जागी ठेवली.

"काल तुमचे साहेब आले होते," दुकानदार म्हणाला. "तेही हाच बघत उभे होते. बराच वेळ. मी म्हटलं, देऊ का बांधून? तर म्हणाले, नको, सहज आलो होतो."

मी दोरा न घेता घरी आले. हे टाकीसमोर खुर्ची टाकून बसले होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "आत्ताच वर आला होता."

"हो?" मी म्हटलं. "बरं झालं."

मग मी चहा टाकला. दोघांनी तो टाकीसमोर बसून प्यायला. खूप वेळ प्यायला. कप रिकामे झाल्यावरही प्यायला. बाहेर कुणीतरी गाडी मागे घेत होतं, ते सुद्धा आम्ही पूर्ण ऐकलं.

रविवारी अकराला सेक्रेटरी आले, वही आणि विजेरी घेऊन. वहिनी तर येणारच होत्या, वेल त्यांची. मी मशीनवरचं कापड उचलून जागा केली होती, ह्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. फॉर्म त्यांच्या हातात, खिशाला पेन.

सेक्रेटरी टाकीसमोर बसले. त्यांचे गुडघे बसताना दोनदा वाजले. विजेरीचा उजेड मुळांमध्ये शिरला आणि तिथेच अडकला. एक गोगलगाय काचेवरून सावकाश गेली, चांगली लिंबाएवढी.

"हा प्राणी?"

"तो पाहुणा," मी म्हटलं.

"मुख्य प्राणी?"

टाकीतल्या पंपाची फुसफुस तेवढी चालू. तेवढ्यात वहिनी पुढे सरसावल्या. "तो बघा! तो काय निळा!" त्यांनी बोट दाखवलं तिथे काचेत त्यांच्याच निळ्या ओढणीचं टोक हललं होतं. ते मला दिसलं, त्यांनाही दिसलं. त्यांनी बोट मागे घेतलं नाही. उलट माझ्या खांद्यावर दुसरा हात ठेवला आणि म्हणाल्या, "मी पाहिला. शेपटीसकट."

सेक्रेटरींनी माझ्याकडे पाहिलं. मग ह्यांच्याकडे. ह्यांचं लक्ष टाकीच्या पृष्ठभागावर होतं, जिथे तो हवा घ्यायला यायचा त्या कोपऱ्यात. सेक्रेटरींनी पुन्हा विजेरी मारली. हा माणूस जिन्यातली चप्पल एक इंच पुढे आली तरी पत्र पाठवतो. त्यांनी वही उघडली, आणि लिहिताना मोठ्याने म्हटलं, "मासा, एक. रंग निळा. प्रकृती ठीक." मग खाली सही केली, तारीख घातली, आणि उठताना उगाचच म्हणाले, "दोन दिसले खरं तर. पण एकच लिहितो."

मला रडू येणार होतं, पण तेवढ्यात साडेअकरा वाजले.

मोबाईल मी टाकीला टेकवून ठेवला. पलीकडे तिच्याकडची सकाळ, न विंचरलेले केस, हातात कप. मागे तिची खोली, एक खुर्ची, एक खिडकी. तीही एकटीच बसली होती, हे मला दर रविवारी दिसायचं, आणि दर रविवारी मी मुकादमाबद्दल बोलायचे.

"अगं आई, एवढी माणसं कशी? काय झालं? मुकादम बरा आहे ना?"

"अगदी मजेत," वहिनी म्हणाल्या. "आत्ताच पाहिला आम्ही."

"नोंद झालेली आहे," सेक्रेटरी म्हणाले.

"दाखव ना, आई."

"झोपलाय," मी म्हटलं. "मुळांमध्ये. मग वर येईल."

"बाबा?" ती म्हणाली. "बाबा कुठे आहेत? बाबा, तुम्ही सांगा. वर येतो ना तो?"

हे फोनवर माझ्या खांद्यामागून बोलतात. 'हो' एवढंच, तेही अर्धं. त्या दिवशी ते पुढे आले. फॉर्म मशीनवर ठेवला, मोबाईल उचलून दोन्ही हातांत धरला, खात्यातला महत्त्वाचा कागद धरायचे तसा.

"मुकादम गेला," हे म्हणाले. "कधी गेला ते आम्हाला माहीत नाही. तो आहे असं मी तुझ्या आईला सांगायचो, ती मला सांगायची, आणि दोघं मिळून तुला."

सेक्रेटरींनी वही मिटली. वहिनींचा हात माझ्या खांद्यावर तसाच होता. फोनमधून तिने कप खाली ठेवल्याचा आवाज आला.

"बाबा, मग आता मी—"

"तू फोन करत जा," हे म्हणाले. "माशाची चौकशी करू नकोस. आमची कर. तू गेल्यापासून आम्हाला करमत नाही."